वाचकांचे प्रश्न : गुरूची घनता आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे विद्यापीठातील खगोलशास्त्राच्या एकाच प्रकारच्या स्वाध्यायाविषयी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिल्या पत्राला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण त्यात मांडलेली अडचण आज अनेक शिक्षकांची आहे.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या वर्गाला खगोलशास्त्र हा ऐच्छिक विषय शिकवते. या सेमिस्टरला अंतर्गत मूल्यमापनासाठी सूत्रात आकडे घालण्याची नेहमीची उदाहरणे न देता मी एकच मोठा प्रश्न दिला. गुरूचा गॅनिमिड हा चंद्र सलग दोन आठवडे ग्रहाच्या मध्यापासून किती अंतरावर दिसला याचा तक्ता मुलांना दिला. अंतरे गुरूच्या व्यासाच्या पटीत होती. प्रश्न एवढाच होता : 'गुरू खडकाचा बनलेला असू शकेल का, हे या तक्त्यावरून ठरवा आणि आपले कारण लिहा.' चार-चार जणांचे गट केले होते. काम जमा झाल्यावर अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले, तेव्हा बहुतेकांनी नाराजी लिहिली : 'माहिती अपुरी होती, गुरूचे अंतर आणि वस्तुमान दिलेच नव्हते', 'असे उदाहरण वर्गात सोडवून दाखवले नव्हते', 'गटात एकानेच सगळे केले', 'वेळ फार गेला'. दोघांतिघांनी मात्र 'पहिल्यांदाच स्वतः काही शोधून काढल्यासारखे वाटले' असे लिहिले. हे फॉर्म नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइलला जोडले जातात आणि माझ्या विषयाची सरासरी खाली आल्याबद्दल विभागात विचारणा झाली. पुढच्या वर्षी जुन्या पद्धतीकडे वळावे का?

उत्तर : कृपया वळू नका. आपण दिलेला प्रश्न उत्तम आहे. त्याचबरोबर, मुलांची नाराजी ही केवळ कष्ट टाळण्याची सबब आहे असे समजून ते फॉर्म बाजूलाही ठेवू नका. त्यातल्या चार तक्रारी चार वेगवेगळ्या जातीच्या आहेत. त्यांची सरासरी काढली की प्रत्येकीत आपल्या उपयोगाचे जे काही आहे ते नाहीसे होते.

'माहिती अपुरी होती' ही तक्रार सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. केप्लरच्या तिसऱ्या नियमाला न्यूटनने जे रूप दिले त्यानुसार ग्रहाचे वस्तुमान हे चंद्राच्या कक्षेच्या त्रिज्येच्या घनाला त्याच्या परिभ्रमणकाळाच्या वर्गाने भागल्यावर येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असते. घनता काढायची तर त्या वस्तुमानाला ग्रहाच्या आकारमानाने, म्हणजे ग्रहाच्या त्रिज्येच्या घनाच्या पटीतील राशीने, भागावे लागते. या दोन पायऱ्या एकाखाली एक मांडल्या की शेवटी कक्षेची त्रिज्या भागिले ग्रहाची त्रिज्या एवढे गुणोत्तरच उरते आणि किलोमीटर दोन्हीकडून निघून जातात. घनता म्हणजे पाय (π) या स्थिरांकाची तिप्पट, भागिले गुरुत्व स्थिरांक आणि परिभ्रमणकाळाचा वर्ग यांचा गुणाकार, आणि या सगळ्याला गुणिले त्या गुणोत्तराचा घन. तक्त्यात गॅनिमिड जास्तीत जास्त साडेसात व्यास दूर गेलेला दिसतो, म्हणजे १५ त्रिज्या; तो एक फेरी ७.१५ दिवसांत, म्हणजे सुमारे ६ लाख १८ हजार सेकंदांत पूर्ण करतो. १५ चा घन ३३७५. आकडेमोड केली की घनता घनमीटरला सुमारे १२५० किलोग्रॅम येते, म्हणजे पाण्याच्या सव्वापट. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. तेव्हा गुरू खडकाचा असू शकत नाही, आणि हे सांगायला तो आपल्यापासून किती दूर आहे हे ठाऊक असण्याची गरजच नाही.

या प्रश्नाचे सगळे मोल इथे आहे. न्यूटनने १६८७ साली सूर्य, पृथ्वी, गुरू आणि शनी यांच्या घनतांची तुलना केली ती याच वाटेने. गुरुत्व स्थिरांकाचे मूल्य त्याच्याकडे नव्हते; ते ज्यातून मिळाले तो कॅव्हेंडिशचा प्रयोग १७९८ सालचा. म्हणून न्यूटनला घनतांची फक्त गुणोत्तरे काढता आली, पण तेवढ्यावरही पृथ्वी गुरूपेक्षा बरीच अधिक घन आहे हे तो सांगू शकला. आपल्या विद्यार्थ्यांकडे तर स्थिरांकही होता. जी राशी दिलेली नाही ती कदाचित लागतच नसेल, ही शंका मनात येणे हे या स्वाध्यायातले मुख्य शिक्षण होते, आणि 'माहिती अपुरी' असे लिहिणारा विद्यार्थी नेमका त्या उंबरठ्याशी येऊन थांबलेला आहे.

तो तिथे थांबला यात त्याचा दोष फारसा नाही. दहावी-बारावीपासून त्याला सवय लागली आहे ती अशी की 'दिलेले आहे' या शब्दांखाली जे आकडे येतात ते सगळे वापरायचे असतात आणि जे येत नाहीत ते लागत नाहीत. या सवयीवर त्याने चांगले गुण मिळवलेले असतात. ती एका स्वाध्यायात सुटणार नाही, आणि ती सुटावी म्हणून गुरूचे अंतर देऊन टाकणे हा तर उलटाच उपाय होईल, कारण मग तो किलोमीटर करत बसेल आणि ते निघून गेलेले त्याच्या लक्षातही येणार नाही. माझी सूचना अशी आहे की गुरूच्या आधी आपल्या चंद्राचा एक छोटा प्रश्न ठेवावा. चंद्र पृथ्वीच्या ६० त्रिज्यांवर आहे आणि २७.३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, एवढेच सांगावे आणि पृथ्वीची घनता विचारावी. पृथ्वीची त्रिज्या किती किलोमीटर हे मुद्दाम सांगू नये. उत्तर पाण्याच्या साडेपाच पट येते. ते विद्यार्थ्याला आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे आपली वाट बरोबर होती याची खात्री त्याला स्वतःलाच करून घेता येते. त्यानंतर गुरूचा तक्ता हातात आला तर 'अपुरी माहिती' असे लिहिणाऱ्यांची संख्या नक्की कमी होईल.

'वर्गात सोडवून दाखवले नव्हते' ही तक्रार मला निम्मी रास्त वाटते. हेच उदाहरण आधी सोडवून दाखवले असते तर स्वाध्याय म्हणून त्यात काही उरले नसते. पण अनोळखी प्रश्नाशी झटापट कशी करायची, हे मात्र फळ्यावर दाखवायला हवे. आपण बहुतेक शिक्षक फळ्यावर जे उत्तर लिहितो ते आधी घरी सोडवून आणलेले असते. त्यात चुकलेली वाट नसते, 'हे इथे जमणार नाही, दुसरीकडून पाहू' असे थांबणे नसते. एखाद्या तासाला वर्गातूनच एक प्रश्न मागावा आणि तो न तयारी करता मुलांसमोर सोडवावा. त्यात अर्धा तास गेला तरी तो अभ्यासक्रमातून वजा झाला असे मी मानणार नाही.

गटाबद्दलची तक्रार सरळ मान्य करावी आणि रचना बदलावी. मिनेसोटा विद्यापीठात पॅट्रिशिया हेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्रातील अशा प्रश्नांसाठी गट कसे असावेत याचा अभ्यास केला आणि तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. तिघांचा गट सर्वांत चांगला चालतो असे त्यांना आढळले. त्यांनी प्रत्येकाला एक कामही नेमून दिले होते : एकाने कामाची दिशा सांभाळायची, दुसऱ्याने मांडणी लिहून तपासायची आणि तिसऱ्याने प्रत्येक पायरीवर शंका घ्यायची. शंका घेणे हे ज्याचे नेमलेले काम आहे त्याला गप्प बसता येत नाही, आणि हुशार मुलाला प्रश्न विचारण्याचा संकोचही वाटत नाही. आपल्याकडे चार जणांचे गट बहुधा बाकांच्या सोयीने होतात. ते मोडून तिघांचे करावेत आणि पुढच्या स्वाध्यायाला ही कामे आपसांत बदलावीत.

वेळ किती गेला यापेक्षा तो कशात गेला हे विचारले तर अधिक कळेल. तक्त्याचा आलेख काढून त्यावरून परिभ्रमणकाळ वाचण्यात तास गेले असतील तर ती तक्रार आलेखाच्या सरावाची आहे आणि तिचा उपाय सोपा आहे.

आता सरासरीबद्दल. हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गावर केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. एकच भाग काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यानातून शिकवला आणि काहींना तो लहान गटांत स्वतः प्रश्न सोडवत शिकायला लावला. चाचणीत स्वतः सोडवणाऱ्यांना अधिक गुण मिळाले, पण 'आपण किती शिकलो' या प्रश्नावर त्यांनीच स्वतःला कमी अंदाजले. डोक्याला ताण पडला की आपल्याला येत नाही असे वाटते, आणि सुरेख व्याख्यान ऐकले की सगळे समजले असे वाटते. त्यामुळे 'आवडले का' आणि 'शिकलो का' या दोन गोष्टी एकाच फॉर्मवर पाच गुणांच्या मोजपट्टीने मोजण्यात मोठा धोका आहे. विभागाला उत्तर देताना आपण याच अभ्यासाचा आधार घेऊ शकता, पण त्याहून चांगला पुरावा आपल्या वर्गातच मिळेल. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, प्रत्येकाला विचारा : 'वर्ष ३६५ दिवसांचे आहे आणि सूर्याची तबकडी आकाशात ०.५३ अंशाची दिसते, एवढ्यावरून सूर्याची घनता सांगता येईल का?' ज्याला गॅनिमिडचे गणित खरोखर समजले आहे तो लगेच सांगेल की या ०.५३ अंशावरूनच पृथ्वीच्या कक्षेचे आणि सूर्याच्या त्रिज्येचे गुणोत्तर मिळते, ते सुमारे २१५ आहे, आणि पुढे तेच सूत्र वापरून पाण्याच्या १.४ पट हे उत्तर येते. किती विद्यार्थी इथवर पोहोचले हा आकडा अभिप्रायाच्या सरासरीशेजारी त्याच फाइलमध्ये ठेवावा. 'शोधून काढल्यासारखे वाटले' असे लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा, कारण आनंद झाला म्हणजे समजले असेही नेहमी नसते.

आणि पुढच्या वर्षी फॉर्मबरोबर एक कोरा कागद द्यावा, तोही गुण कळण्याच्या आधी. त्यावर तीनच गोष्टी विचाराव्यात : कोणत्या ओळीवर अडलात, त्या वेळी तुम्हाला काय हवे आहे असे वाटत होते, आणि तिथून पुढे कसे गेलात. त्या उत्तरांसोबत गटाचे कच्चे काम जमा करून घ्यावे, खोडलेल्या ओळींसकट. पुढच्या तासाला त्यातल्या दोन-तीन खोडलेल्या ओळी नाव न घेता फळ्यावर मांडून त्यांवर बोलावे. आपण लिहिलेले कोणीतरी वाचले आणि त्यामुळे वर्गात काही बदलले, हे एकदा दिसले की मुले अभिप्रायही वेगळ्या गांभीर्याने लिहू लागतात.

प्रश्न : आमच्या वर्गालाही गुरूच्या घनतेचा असाच स्वाध्याय होता. आमच्या गटाचे उत्तर पाण्याच्या १.२५ पट आले. दुसऱ्या एका गटाचे आधी तेवढेच आले होते, पण पुस्तकात १.३३ आहे हे पाहून त्यांनी गुणोत्तर १५ ऐवजी १५.३ घेतले आणि उत्तर जुळवले. त्यांना पूर्ण गुण मिळाले, आमचे दोन गुण कापले गेले. अभिप्रायात हे लिहावे का? फॉर्मवर नाव नसते, पण वर्ग लहान आहे आणि अक्षर ओळखू येते.

उत्तर : आधी तुमच्या उत्तराविषयी, कारण ते चुकीचे नाही. गुरू फक्त दहा तासांत स्वतःभोवती फिरतो आणि त्यामुळे तो ध्रुवांकडे चपटा झाला आहे. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर आहे, तर ध्रुवीय त्रिज्या ६६,८५४ किलोमीटर. गॅनिमिड विषुववृत्ताच्या जवळजवळ पातळीतच फिरतो, त्यामुळे तक्त्यातला 'व्यास' हा विषुववृत्तावरचा, म्हणजे मोठा व्यास असतो. तुम्ही त्या व्यासाचा पूर्ण गोल धरलात, आणि तो खऱ्या ग्रहापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी मोठा आहे. १.२५ ला या दोन त्रिज्यांच्या गुणोत्तराने, म्हणजे १.०७ ने, गुणून पाहा, उत्तर १.३३ च्या अगदी जवळ येते. तुमच्या आणि पुस्तकातल्या आकड्यातला फरक हा गुरूच्या चपटेपणाचा माग आहे, आणि तोच चपटेपणा लहान दुर्बिणीतून डोळ्यांनीही दिसतो. तुमच्या गटाच्या हाती स्वाध्यायाने विचारले होते त्याहून अधिक काही लागले होते.

दुसऱ्या गटाने १५.३ घेतले याचा अर्थ त्यांनी गॅनिमिड ७.६५ व्यास दूर गेला असे मानले. तक्त्यात तसा एकही आकडा नसेल, तर त्यांनी निरीक्षण सोडून पुस्तकाला साक्षीदार केले. हे मोठे नुकसान आहे, कारण असे केल्यावर चपटेपणा कायमचा लपून राहतो.

अभिप्रायात अवश्य लिहा, पण तो त्या गटाविषयी नसावा, गुण देण्याच्या पद्धतीविषयी असावा. 'आमचे उत्तर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ६ टक्क्यांनी कमी आले. हा फरक कशामुळे आला असावा याची चर्चा करण्यासाठी स्वतंत्र गुण असते, तर आम्ही त्यावर विचार करून लिहिले असते', असे दोन वाक्यांत मांडा. हे लिहायला नाव लपवण्याचीही गरज नाही. वरचे चपटेपणाचे गणित घेऊन सरांकडे किंवा मॅडमकडे थेट गेलात तर आणखी चांगले. गुण परत मिळतील की नाही हे मी सांगू शकत नाही, पण पुढच्या वर्षीच्या प्रश्नात 'पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करा आणि फरकाचे कारण सुचवा' अशी ओळ येण्याची शक्यता त्यामुळे वाढेल.

शिक्षकांनाही एक सांगावेसे वाटते. या स्वाध्यायात सर्रास होणारी चूक म्हणजे व्यासाला त्रिज्या समजून १५ ऐवजी ७.५ घेणे. गुणोत्तराचा घन होत असल्याने उत्तर थेट आठपट कमी येते, पाण्याच्या सहाव्या हिश्शाहूनही थोडे कमी. सूर्यमालेतला सर्वांत कमी घनतेचा ग्रह शनी, आणि तोही पाण्याच्या ०.७ पट आहे. असे उत्तर लिहून जो विद्यार्थी खाली 'हे संभवत नाही, कुठेतरी दोनाचा घोळ झाला असावा' अशी टीप लिहितो, त्याला मी जुळवलेल्या १.३३ पेक्षा अधिक गुण देईन.

प्रश्न : मी हौशी आकाशनिरीक्षक आहे आणि जवळच्या महाविद्यालयात पाहुणा म्हणून खगोलशास्त्राची प्रात्यक्षिके घेतो. स्वाध्यायावरच्या अभिप्रायात अनेकांनी लिहिले की तयार तक्ता नको, निरीक्षण आम्हीच करू. कॉलेजकडे एक ८० मिलिमीटरची दुर्बीण आहे. हे जमण्यासारखे आहे का?

उत्तर : जमेल, आणि अशी मागणी अभिप्रायातून आली असेल तर ती वाया जाऊ देऊ नये. आधी वेळेचे पाहा. गुरूची प्रतियुती, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येऊन रात्रभर दिसण्याची वेळ, साधारण १३ महिन्यांनी येते. २०२७ मध्ये ती फेब्रुवारीत आहे आणि २०२८ मध्ये मार्चमध्ये, म्हणजे दोन्ही वर्षे दुसऱ्या सेमिस्टरला सोयीची आहेत आणि आकाशही निरभ्र असते. पुढे प्रतियुती दरवर्षी महिनाभर पुढे सरकत पावसाळ्यात जाईल, तेव्हा ही दोन वर्षे साधावीत.

गॅनिमिडच निवडावा. लहान दुर्बिणीतून गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. त्यांपैकी आयो आणि युरोपा ग्रहाच्या प्रकाशात हरवतात आणि एका रात्रीत बरेच सरकतात. कॅलिस्टो सर्वांत दूर जातो, पण त्याच्या एका फेरीला जवळजवळ १७ दिवस लागतात आणि तो मंदही आहे. गॅनिमिडच्या दोन फेऱ्या पंधरवड्यात मिळतात, आणि मधल्या दोन-तीन रात्री ढगांत गेल्या तरी आलेख काढता येतो. चौघांपैकी गॅनिमिड कोणता हे पहिल्या रात्री खगोलीय पंचांगातून किंवा आकाशदर्शनाच्या अॅपवरून पाहून ठेवावे, नाहीतर दोन चंद्रांची मोजमापे एकमेकांत मिसळतात.

मोजमाप मोबाइलने नेत्रिकेतून घेतलेल्या फोटोवर करता येईल, पण इथे एक काळजी घ्यावी लागते. चंद्र दिसावेत म्हणून उद्भासन (एक्स्पोजर) वाढवले की गुरूची तबकडी फुगते. ती १० टक्के फुगली तरी घनता एक चतुर्थांशाने कमी येते, पुन्हा त्या घनामुळेच. म्हणून प्रत्येक रात्री दोन फोटो घ्यावेत : एक चंद्रांसाठी, आणि दुसरा त्याच मोठेपणाचा पण इतक्या कमी उद्भासनाचा की तबकडीवरचे पट्टे दिसावेत. व्यास दुसऱ्या फोटोवर मोजावा, अंतर पहिल्यावर. विद्यार्थ्यांना हे आधी सांगायचे की त्यांचे उत्तर ०.९ आल्यावर त्यांनाच शोधू द्यायचे, हे आपण ठरवावे. माझे मत विचाराल तर दोन्ही फोटो घ्यायला लावावेत आणि कारण मात्र आकडेमोड होईपर्यंत सांगू नये.